रिमूव्हल ऑफिसच्या दप्तरात : माझा अनुभव

अमेरिकेत एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करताना शेवटच्या सत्रात मला इतिहासावर एक लघुप्रबंध लिहायचा होता. अट एकच, छापील पुस्तकांवर भागवायचं नाही. एखाद्या जुन्या संस्थेचं मूळ दप्तर उघडून बसायचं. त्याआधी मी मुंबईत काही वर्षं केसवर्कर होते. फॉर्म भरून घ्यायचे, घरभेटीचा अहवाल लिहायचा, फाइल बंद करायची, हेच काम. म्हणून जिथे ठराव आणि अध्यक्षीय भाषणांऐवजी माणसांच्या नोंदी सापडतील, अशी संस्था मला हवी होती. शेवटी सापडली ती न्यूयॉर्कमधल्या बेकार ज्यूंना कामासाठी दुसऱ्या गावी पाठवणारी इंडस्ट्रियल रिमूव्हल ऑफिस.

विषयापर्यंतची वाट नागपाड्यावरून गेली. मी जिथे शिकले त्या टाटा इन्स्टिट्यूटची सुरुवात १९३६ साली नागपाड्यात झाली आणि ती करणारे क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी. त्यांच्या देशात ही कामाची पद्धत कुठे घडली ते बघत मागे मागे गेले आणि न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला पोचले. पूर्व युरोपातून आलेले लाखो ज्यू तिथल्या कोंदट टेनेमेंट इमारतींत दाटीवाटीने राहत होते, आणि त्यांच्यासाठी काढलेल्या, त्यांनी स्वतः काढलेल्या संस्थांना गणती नव्हती.

गणती नव्हती असं आपलं मी म्हणते. खरं तर कुणीतरी ती केली होती. ग्रंथालयातल्या बाईंनी मला १९१८ साली निघालेला एक जाडजूड ग्रंथ दाखवला, ‘ज्यूइश कम्युनल रजिस्टर ऑफ न्यूयॉर्क सिटी’. दीड हजारावर पानं, आणि त्यात एकट्या न्यूयॉर्कमधल्या ३,६३७ ज्यू संस्थांची मोजदाद. सिनॅगॉग, शाळा, इस्पितळं, अनाथाश्रम, कामगार संघटना, बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्था, गाववाल्यांची मंडळं. इंटरनेटवर तो फुकट वाचता येतो. या विषयात शिरायचं असेल तर आधी हाच उघडा. मी कित्येक संध्याकाळी नुसती त्याची पानं उलटत काढल्या.

हा ग्रंथ काढणारी केहिल्ला ही मध्यवर्ती संघटना कशी जन्मली, ती गोष्ट मजेशीर आहे. १९०८ साली शहराचे पोलीस आयुक्त थिओडोर बिंगम यांनी एका मासिकात लिहून टाकलं, की न्यूयॉर्कमधले निम्मे गुन्हेगार ज्यू आहेत. गदारोळ झाला, आयुक्तांना विधान मागे घ्यावं लागलं, पण समाजाच्या वतीने बोलणारं कुणी एक नाही हे त्या निमित्ताने सगळ्यांना कळून चुकलं. पुढच्याच वर्षी राबाय (ज्यू धर्मगुरू) ज्यूडा मॅग्नेस यांच्या अध्यक्षतेखाली केहिल्ला उभी राहिली. तिने शिक्षणाचं खातं काढलं, वस्तीतल्या गुन्हेगारीची खबर काढणारं खातंसुद्धा काढलं, आणि १९२२ पर्यंत ती विरूनही गेली. इतक्या संस्थांना एका छत्राखाली बसवणं कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही.

मी निवडली ती तुलनेने कमी ऐकिवातली संस्था, इंडस्ट्रियल रिमूव्हल ऑफिस. १९०१ मध्ये सुरू झाली, १९२२ मध्ये मिटली. रुमानियातून येणाऱ्या ज्यूंची संख्या एकदम वाढली तेव्हा ज्यू स्थलांतरितांना मदत करणाऱ्या बॅरन द हर्श फंडाचा पैसा आणि बनाय ब्रिथ या ज्यू बंधुसंघटनेच्या गावोगावच्या शाखा यांच्या बळावर हे काम उभं राहिलं. काम काय, तर न्यूयॉर्कमधल्या बेकार ज्यू माणसाला तिकीट काढून द्यायचं आणि देशाच्या आतल्या भागात, जिथे त्याच्या हाताला काम मिळेल अशा गावी पाठवायचं. डेव्हिड ब्रेसलर हे त्याचे बरीच वर्षं व्यवस्थापक. सुमारे ७९,००० माणसं त्यांनी हजाराहून अधिक गावांत पाठवली. एक माणूस नीट बसला की तो बायकामुलांना, भावाला, मेव्हण्याला बोलावून घेईल, असा हिशेब होता. वस्तीतली गर्दी कमी करणं हा उघड हेतू. दुसरा तितकाच महत्त्वाचा: ‘हे लोक एकाच जागी साचून राहतात’ असं म्हणत परदेशातून येणाऱ्यांना दार बंद करू पाहणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळू नये.

हे दप्तर अमेरिकन ज्यूइश हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे आणि ते बघायला मॅनहॅटनमध्ये पश्चिम १६व्या रस्त्यावरच्या सेंटर फॉर ज्यूइश हिस्टरीमध्ये जावं लागतं. एकाच इमारतीत पाच संस्था. यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली; तिच्या भाषा-संस्कृतीचा अभ्यास करणारी यिव्हो ही संस्था तिथेच. वाचनालयात जाण्याआधी घरबसल्या दोन गोष्टी उरकाव्यात. एक म्हणजे वाचक म्हणून नाव नोंदवणं. दुसरी म्हणजे संग्रहाची सूची नीट वाचून कोणत्या क्रमांकाचं खोकं हवं ते आधी कळवणं. ‘मला सगळं बघायचंय’ असं तिथे चालत नाही. खोक्याचा आणि फोल्डरचा क्रमांक लागतो. रिमूव्हल ऑफिसच्या संग्रहाचा क्रमांक आय-९१. बॅरन द हर्श फंडाचं दप्तर वेगळ्या क्रमांकाखाली आहे आणि दोन्ही एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत, की दोन्ही सूच्या शेजारी ठेवूनच मागणी करावी.

तारखा ठरवताना ज्यू पंचांग बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोश हशाना, योम किप्पुर, सुक्कोत असे सण ओळीने येतात आणि इमारत बंद असते. शनिवारीही बंद. कोकणात शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायली (ज्यू) तेल्यांना पूर्वी ‘शनवार तेली’ म्हणत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. पण शनिवारची सुट्टी धरून बाहेरगावाहून येणाऱ्याची पंचाईत होते. बाकी नियम कुठल्याही पुराभिलेखागारासारखे: बॅग बाहेर, पेन्सिलच वापरायची, एका वेळी एकच फोल्डर उघडायचा.

आता खरी किल्ली. या दप्तरात माणूस थेट सापडत नाही. पाठवलेल्या माणसांच्या मोठाल्या वह्या आहेत. त्यांत नाव, वय, वैवाहिक स्थिती, मूळ देश, धंदा, अमेरिकेत किती काळ झाला आणि कुठे पाठवलं, अशी नोंद असते. पत्रव्यवहार मात्र गावांनुसार लावलेला. म्हणजे आधी वहीत माणूस शोधायचा, तिथून गाव काढायचं, मग त्या गावच्या स्थानिक एजंटाच्या, म्हणजे आलेल्या माणसाची तिथे व्यवस्था लावणाऱ्याच्या, फाइलीत शिरायचं. नावांचं तर विचारूच नका. एकच आडनाव वहीत एका स्पेलिंगने, एजंटाच्या पत्रात दुसऱ्याने, आणि त्या माणसाच्या स्वतःच्या सहीत तिसऱ्याच. मी शेवटी वय, धंदा आणि तारीख या तिन्हींचा मेळ बसला तरच माणूस तोच असं धरायचं ठरवलं. प्रबंधात ही पद्धत मी एका परिच्छेदात लिहून टाकली, आणि परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले.

मी इंडियानापोलिस निवडलं, कारण तिथल्या ज्यू धर्मादाय संस्था १९०५ मध्ये एका फेडरेशनखाली आल्या होत्या आणि न्यूयॉर्कहून येणाऱ्या माणसांची व्यवस्था हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. अशा एजंटांचा पत्रव्यवहार वाचताना मी अनेकदा एकटीच हसले. गावाकडून मागणी यायची: अमुक धंद्यातला, अविवाहित, धडधाकट माणूस पाठवा. न्यूयॉर्कहून जो यायचा त्याला तो धंदा जेमतेम येत असायचा, किंवा मागे मोठं कुटुंब असायचं, किंवा तब्येत तोळामासा. मग एजंटाचं रागावलेलं पत्र, त्यावर मुख्य कार्यालयाचं अतिशय सभ्य उत्तर. रेफरल पाठवणारी संस्था आणि ते झेलणारी संस्था यांच्यातली ही कुरबूर मी मुंबईत दोन्ही बाजूंनी केलेली आहे. शंभर वर्षांत तीत फरक पडलेला नाही.

पाठवलेल्या माणसांची स्वतःची पत्रं हा या दप्तराचा गाभा. त्यांतली पुष्कळ यिद्दिशमध्ये, हाताने लिहिलेली. यिद्दिश हिब्रू लिपीत उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि छापील अक्षरं ओळखता आली म्हणून हातची वाचता येत नाहीत. देवनागरी येणाऱ्याने मोडीचा कागद हातात घ्यावा तसं होतं. मी यिद्दिशच्या प्राथमिक वर्गाला गेले, अक्षरं लावायला शिकले, आणि निवडक पत्रांसाठी आमच्या वर्गातल्या एका आजोबांना चहाला बोलावत राहिले. इंग्रजी आणि जर्मन पत्रंही आहेत. जिथे पत्र कळत नाही तिथे कार्यालयाच्या इंग्रजी उत्तराची प्रत जोडलेली असेल तर ती आधी वाचावी. उत्तरावरून प्रश्नाचा अंदाज येतो.

पत्रांत काय असतं? कुणी आभार मानतो आणि भावाला पाठवा म्हणतो. कुणी विचारतो, की सुताराचं काम सांगून इथे ओझी का उचलायला लावता. पगार कमी. शनिवारी कामावर जावं लागतं. कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे चालणारं, मांस मिळत नाही. बायकोचं तिकीट कधी पाठवणार? कार्यालयाच्या वार्षिक अहवालांना यातलं फारसं काही नको असतं. किती पाठवले, किती टिकले, संपलं. मी स्वतः असले तक्ते भरलेले असल्यामुळे मला ब्रेसलर यांचा राग येत नाही. देणगीदारांना आकडा लागतो. पण अहवाल आणि पत्रं एकाच टेबलावर आली, की टिकलेला माणूस आणि सुखी माणूस यांत किती अंतर आहे ते दिसतं.

माझा प्रबंध मात्र शेवटी गेलेल्या माणसांपेक्षा न गेलेल्यांवर जास्त झाला. हे कार्यालय चालवणारे बहुतेक शहराच्या वरच्या भागात राहणारे, जर्मन मुळाचे, आधीच्या पिढीत स्थिरावलेले श्रीमंत ज्यू. त्यांना प्रश्न पडायचा, की बाहेर काम आणि मोकळी हवा असताना ही माणसं या कोंदट वस्तीला का चिकटून बसतात. उत्तर त्या जाडजूड रजिस्टरमध्येच होतं. त्यातल्या गाववाल्यांच्या मंडळांना लँडसमनशाफ्ट म्हणत. पोलंड, रशिया, गॅलिशियातल्या एकेका गावाहून आलेल्यांनी काढलेली ही मंडळं थोडीशी नियमित वर्गणी घेत. तिच्या बदल्यात आजारपणात भत्ता, मंडळाचा ठरलेला डॉक्टर, आणि मेल्यावर स्वतःच्या गावच्या माणसांशेजारी जागा. क्वीन्समधल्या माउंट झायन, माउंट हेब्रन या दफनभूमींत अशा मंडळांचे वेगवेगळे भाग आणि त्यांच्या नावांच्या कमानी आजही दिसतात. हिब्रू फ्री लोन सोसायटी १८९२ मध्ये ९५ डॉलरच्या भांडवलावर सुरू झाली आणि बिनव्याजी कर्ज देऊ लागली, पण जामीन लागायचा. जामीन राहणारे ओळखीचे लोक वस्तीतच. हे सगळं सोडून इंडियानापोलिसला जाणारा माणूस नुसतं घर बदलत नव्हता. तो विमा, दवाखाना, पत आणि स्मशान एकदम सोडत होता. तरुण, एकटा माणूस ते करतो. चार मुलांचा बाप करत नाही. मार्गदर्शक बाईंना हे आधी पटेना, म्हणून मी वहीतल्या वयांच्या आणि वैवाहिक स्थितीच्या नोंदी मांडून दाखवल्या.

गॅल्व्हेस्टनकडे मी थोडक्यात वळले. न्यूयॉर्कचे धनाढ्य ज्यू बँकर जेकब शिफ यांनी पाच लाख डॉलर देऊ केले आणि १९०७ ते १९१४ या काळात सुमारे दहा हजार ज्यूंना न्यूयॉर्क टाळून थेट टेक्सासमधल्या या बंदरात उतरवलं गेलं. वस्तीची सवय लागायच्या आतच माणूस उचलायचा, असा तो विचार. त्यावर पुष्कळ लिहून झालेलं आहे. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांसाठी १९११ मध्ये निघालेला नॅशनल डिझर्शन ब्युरो मला अधिक खुणावत होता. तो ‘फोरव्हर्ट्स’ या यिद्दिश दैनिकात बेपत्ता नवऱ्यांचे फोटो छापायचा! त्याचं दप्तर यिव्होकडे आहे. पण ते उघडायला माझी यिद्दिश पुरेशी नव्हती आणि सत्र संपत आलं होतं.

शेवटी एक कामाची गोष्ट, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. वाचनालयात स्वतःसाठी फोटो काढणं आणि ते छापणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वहीचं पान प्रबंधात किंवा लेखात चित्र म्हणून वापरायचं असेल, तर सोसायटीकडे लेखी परवानगीचा अर्ज करावा लागतो आणि त्यात संग्रह, खोकं, फोल्डर या तिन्हींचे क्रमांक द्यावे लागतात. म्हणून प्रत्येक फोल्डर उघडला, की पहिला फोटो त्याच्या लेबलचा काढा.