तुम्ही विचारलंत म्हणून: हो, आरव्हीवरच्या (राहायच्या गाडीवरच्या) सोलरचं टॅक्स क्रेडिट आम्ही घेतलं

इथे अमेरिकेत आपल्यापैकी कुणीही भेटलं की प्रश्न ठरलेला, गाडीवरच्या सोलरचं ३० टक्के क्रेडिट, म्हणजे खर्चाच्या ३० टक्के टॅक्समधून वजावट, घेतलंत ते चालतं का हो? आणि विचारण्याचा सूर असा की आम्ही काहीतरी लाटलंय. म्हणून एकदा नीट सांगते.

घर विकून आम्ही ट्रेलरमध्येच, म्हणजे ह्या आरव्हीतच, राहतो हे तुम्हाला माहीतच आहे. हिवाळ्यात ॲरिझोनात क्वार्टझसाइटजवळ सरकारी जमिनीवर मुक्काम, तिथे ना वीज ना नळ. ह्यांना रात्रभर सीपॅप (झोपेत श्वास नीट चालू ठेवणारं मशीन) लागतं, बॅटरी संपली की मशीन बंद. म्हणून २०२३ मध्ये ८०० वॅटची पॅनल्स आणि तीन लिथियम बॅटऱ्या बसवून घेतल्या, मजुरी धरून ९००० डॉलर. तीनच का, तर क्रेडिटसाठी बॅटरीची साठवण किमान ३ किलोवॅट-अवर लागायची, १२.८ व्होल्ट १०० ॲम्पिअर-अवरच्या दोन लावल्या तर २.५६ च भरतात, तीन लावल्या की ३.८४.

मग टॅक्सवाल्याकडे गेलो. जुना ओळखीचा, आपल्याकडचाच. घरावरच्या सोलरचं क्रेडिट मागायच्या फॉर्म ५६९५ चं नाव काढलं तर म्हणाला, ही गाडी आहे, हिला नंबर प्लेट आहे, घर कुठाय? मी म्हटलं हेच घर. तर म्हणे पत्ता साउथ डकोटाचा, तिथे राहता का? अहो तो टपालाचा पत्ता, कायम गाडीत राहणारे कितीतरी लोक तसा ठेवतात, त्यालाही माहीत होतं. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, काका, तुम्हीच सांगा, तुम्हाला घर नाहीच ना आता? हे काही बोललेच नाहीत. आयुष्यभर नोकरी केली, दोन मुलं शिकवली, घर स्वतःच्या मर्जीने विकलं, आणि त्या खुर्चीत बसून ह्यांनी मान खाली घातली. तो राग माझा अजून गेलेला नाही. कागद उचलले आणि निघालो. पार्किंगमध्ये हे म्हणाले, सोड ना, २७०० डॉलरसाठी कशाला. मी नाही सोडलं. पैशासाठी नव्हतं असं म्हणणार नाही, पैसे हवेच होते.

रिटर्न मीच भरलं. तेव्हा छातीठोकपणे सांगायचे, झोपायला जागा, स्वयंपाकघर, संडास, झालं घर. आता तितकं ठामपणे म्हणवत नाही, कारण ती कसोटी आयआरएसने (इथल्या आयकर खात्याने) गृहकर्जाच्या व्याजासाठी सांगितलेली आहे. ५६९५ च्या सूचनांमध्ये मोबाइल होम (कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेलं घर) आहे, हाउसबोट आहे, आरव्हीचं नाव नाही. पण मग हाउसबोटवाल्याचं ते घर आणि आमचं नाही, हे कसं? हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. उद्या आयआरएसने विचारलंच तर एवढ्यावर भागेल अशी खात्री मी कुणाला देणार नाही, बिलं आणि फोटो मात्र फाइलला लावून ठेवलेत.

आणि फुकटचा चेक आला नाही हो, क्रेडिट नॉन-रिफंडेबल असतं, जेवढा टॅक्स लागतो तेवढ्यातूनच वजा होतं. आमचं उत्पन्न आता कमी, त्यामुळे सगळं एका वर्षात वळतं झालं नाही, उरलेलं पुढच्या वर्षात न्यावं लागलं.

आता नव्याने बसवणार असाल तर विचारूच नका, ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला हे क्रेडिट बंद झालंय. त्याआधीचं बसवलेलं असेल आणि ट्रेलर वर्षभर स्टोरेजच्या आवारात उभा असेल, तर सोलरला सेकंड होमही चालतं हे मलाही माहीत आहे, पण माझं उदाहरण पुढे करून फॉर्म भरू नका, आम्ही आमच्या ट्रेलरमध्ये राहतो.