'अचानक' हा रकाना मी खोडून टाकला

आमचं बजेट या महिन्यात पंधरा महिन्यांचं झालं. त्याआधी तीन वेळा बनवलं होतं आणि तिन्ही वेळा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मोडलं, म्हणून म्हटलं यावेळी काय वेगळं झालं ते नीट लिहून काढावं, कारण पहिल्याच वेळी कोणी मला हे सांगितलं असतं तर बराच मनस्ताप वाचला असता.

सुरुवात सगळे करतात तशीच केली होती. पगार किती, त्यातनं घरभाडं, कर्जाचा हप्ता, किराणा, वीज, फोन, येणं-जाणं आणि उरेल ती बचत. मग ५०-३०-२० चा नियम वाचला, म्हणजे हातात येणाऱ्या पैशातले ५० टक्के गरजेला, ३० हौसेला आणि २० बचतीला किंवा कर्ज फेडायला. नियम वाईट नाही, काहीच अंदाज नसतो तेव्हा निदान एक चौकट मिळते, पण आमचे गरजेचे खर्चच ६२ टक्के होते आणि ते ओढूनताणून ५० मध्ये बसवायच्या नादात मी किराण्याचा आकडा इतका कमी लिहिला की पहिल्याच महिन्यात तो ओलांडला. ज्यांचं भाडं आणि हप्ते मोठे आहेत त्यांनी या नियमावरून स्वतःला दोष देत बसू नये असं मला मनापासून वाटतं. आपले खरे आकडे काय आहेत ते आधी बघा, टक्के नंतर.

दुसरी चूक लक्षात यायला फार वेळ लागला. आठवड्याचा खर्च मी सरळ चारने गुणायचे. पण वर्षात आठवडे ५२ असतात, चार गुणिले बारा होतात ४८, म्हणजे वर्षातले चार आठवडे माझ्या हिशोबात नव्हतेच! आता आठवड्याच्या खर्चाला ५२ ने गुणते आणि १२ ने भागते.

पण बजेट मोडायचं खरं कारण वेगळंच होतं. दर महिन्याला काहीतरी 'अचानक' यायचं. वहीत मी तसा रकानाच केला होता, अचानक खर्च, आणि तो दर महिन्याला भरायचा. एकदा असंच गाडीच्या सर्व्हिसिंगचं बिल मी त्यात लिहीत होते तर नवरा म्हणाला, "अगं, सर्व्हिसिंग दर सहा महिन्यांनी असतंच ना, यात अचानक काय आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या रविवारी आम्ही बँकेचं आणि कार्डाचं मागच्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट प्रिंट केलं, सगळे कागद जमिनीवर पसरले आणि मी ज्याला ज्याला अचानक म्हटलं होतं त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल करत गेले. २३ गोल निघाले. मग एकेक बघायला बसलो. विम्याचा हप्ता, तारीख ठरलेली. गाडीचं सर्व्हिसिंग, ठरलेलं. मुलाची फी, ठरलेली. वर्षाचं सबस्क्रिप्शन आपोआप कापलं गेलेलं, तेही ठरलेलं. जवळच्या माणसांचे वाढदिवस तर काय तारखेसकट पाठ. असे १७ निघाले. चारांची तारीख माहीत नव्हती पण येणार हे नक्की होतं, माझा चष्मा (नंबर दरवर्षी बदलतो), दाताच्या डॉक्टरांकडची फेरी, टायर, फोनची बॅटरी. खरोखर ध्यानीमनी नसलेले फक्त दोन, पाण्याचा पाइप फुटला तो आणि घरातलं माणूस आजारी पडलं म्हणून रातोरात निघावं लागलं तो प्रवास.

२३ पैकी दोन. तो कागद हातात धरून मी बराच वेळ बसून होते, कारण बाकीच्या २१ साठी मी वर्षभर कार्ड वापरलं होतं आणि कितीतरी महिने नुसती किमान रक्कम भरून पुढे ढकललं होतं. महिन्याला ३ टक्के व्याज म्हटलं की थोडंच वाटतं, पण तेच चढत गेलं की वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं.

मग तो रकाना खोडला आणि तिथे लिहिलं 'तजवीज'. त्या २१ खर्चांची वर्षाची बेरीज केली, बाराने भागली, आमच्या उत्पन्नाच्या ११ टक्के आली. पगार झाला की त्याच दिवशी तेवढे पैसे वेगळ्या खात्यात जातात. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, सुरुवातीला नुसतं बाराने भागून चालत नाही, कारण विम्याचा हप्ता तीन महिन्यांवर आला असेल तर बाराने भागून तोपर्यंत पावच रक्कम जमेल. म्हणून पहिल्या फेरीला प्रत्येक खर्च किती महिन्यांवर आहे ते बघून तेवढ्याने भागायचं. पहिले चार-पाच महिने त्यामुळे जड जातात, आम्ही हौसेचे खर्च जवळपास थांबवले होते, पण एकदा वर्ष फिरलं की सगळं बारावर येतं. आणि ते खरे अचानक दोन, त्यांच्यासाठीचा आणीबाणीचा फंड पूर्ण वेगळा, किमान तीन महिन्यांच्या खर्चाएवढा करायचा असं ठरवलंय, अजून तिथे पोचलो नाही पण दोन महिन्यांचा झालाय.

ज्यांचं उत्पन्न दर महिन्याला सारखं नसतं त्यांनी मागच्या वर्षातला सगळ्यात कमी कमाईचा महिना धरून बजेट करावं, माझी फ्रीलान्स करणारी बहीण तसंच करते.

खर्च नोंदवायचं ॲप मी सोडलं. ते सगळं आपोआप नोंदवायचं आणि म्हणूनच मी ते बघायचे नाही. आता फक्त साधी वही आहे. जपानमध्ये अशा घरखर्चाच्या वहीला काकेइबो म्हणतात, हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी ती १९०४ साली काढली आणि आजही लोक ती हाताने भरतात. हाताने आकडा लिहिताना तो क्षणभर तरी डोळ्यासमोर राहतो, माझ्या बाबतीत फरक तिथेच पडला. आणि दोघांनाही थोडे बिनहिशोबी पैसे ठेवलेत, ज्याचे त्याने कसेही खर्चावे, दुसऱ्याने विचारायचं नाही. हे नसतं तर आमची भांडणं झाली असती हे नक्की.

गेल्या आठवड्यात विम्याच्या हप्त्याचा मेसेज आला. तजवीज खात्यातनं भरला, वहीत त्या ओळीवर बरोबरची खूण केली. पुढची ओळ चष्म्याची आहे, अजून पाच महिने आहेत आणि बारापैकी सात हिस्से जमा झालेत.