कातडी स्वच्छ, रक्तदाब साठ

गांधीलमाशीच्या डंखानंतर कोसळलेल्या माणसाच्या अंगावर मी आधी पित्ताच्या गांधी शोधतो. त्या दुपारी एकही दिसली नाही. पंचेचाळिशीचा दणकट माणूस, बागेत काम करताना मानेवर डंख बसला आणि दहा मिनिटांत शुद्ध गेली. ओठ सुजलेले नाहीत, छातीत घरघर नाही. वरचा रक्तदाब ६०, खालचा लागतच नव्हता.

"डॉक्टर, हार्ट अटॅकच असणार हो. ह्यांना अ‍ॅलर्जी कधीच नव्हती," पत्नी सांगत होत्या. ईसीजीत तसं काही नव्हतं. हा अ‍ॅलर्जीचाच जीवघेणा झटका, अ‍ॅनाफिलॅक्सिस, असं मी धरलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन दिलं, सलाइन जोरात सोडलं, पाय उंच ठेवले. डोळे उघडताच तो उठून बसू लागला, तेव्हा सिस्टरांनी खांदे धरून त्याला झोपवलं. अशा वेळी एकदम उठलं तर हृदयाकडे परतणारं रक्त आटतं आणि माणूस हातचा जातो. पाच मिनिटांनी दुसरा डोस दिल्यावर रक्तदाब ९० च्या वर आला.

नव्या डॉक्टरने अँटिहिस्टामिनची सिरिंज भरून ठेवली होती. ते औषध खाज आणि गांधी कमी करतं, पडलेला रक्तदाब उचलत नाही. अ‍ॅलर्जी पेटवणाऱ्या मास्ट पेशी असतात कातडीत, श्वासनलिकेत, आतड्यात, रक्तवाहिन्यांच्या कडेला. त्यांच्यावर बसलेल्या आयजीई या अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडांना विष जोडलं गेलं की आतले कण काही मिनिटांत बाहेर पडतात. त्यात हिस्टामिन असतं, ट्रिप्टेजही असतं. ल्युकोट्राइन आणि प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं तर तिथेच नव्याने तयार होतात. एकट्या हिस्टामिनची वाट अडवून भागत नाही. अ‍ॅड्रेनालिन रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं आणि मास्ट पेशींनाही काहीसा लगाम घालतं.

दीड तासाने ट्रिप्टेजसाठी रक्त पाठवलं. मिलिलिटरमागे ३८ नॅनोग्रॅम आलं. निदान पक्कं झालं म्हणून फाइल बंद करायचा मोह इथेच होतो. पण खरी माहिती दुसऱ्या नमुन्यात असते, झटका पूर्ण ओसरल्यावर, किमान चोवीस तासांनी घेतलेल्या. तो मागवायचा बऱ्याच ठिकाणी कंटाळा करतात, याची मला चीड येते. ह्यांचा आकडा उतरून २४ वर थांबला. निरोगी माणसात तो साधारण ११.४ च्या आत असतो.

पुरुष, डंखानंतर शुद्ध जाणं, अंगावर गांधी नाहीत आणि एरवीही चढलेलं ट्रिप्टेज: एवढं जुळल्यावर शंका मास्ट पेशींवरच जाते. रक्तात केआयटी जनुकातला डी८१६व्ही बदल सापडला, बोनमॅरोत मास्ट पेशींचे पुंजके दिसले. सिस्टेमिक मास्टोसायटोसिस, म्हणजे शरीरात मास्ट पेशी जास्त साठण्याचा आजार, संथ प्रकारचा.

इमॅटिनिब हे औषध या जनुकीय बदलावर चालत नाही. अ‍ॅव्हाप्रिटिनिब चालतं, पण ह्यांना आत्ताच त्याची गरज नव्हती. गांधीलमाशीच्या विषाची इम्युनोथेरपी, म्हणजे विषाचे वाढते डोस देऊन शरीराला त्याची सवय लावणं, सुरू केली. इतरांमध्ये ती काही वर्षांनी थांबवता येते, ह्यांना बहुधा जन्मभर घ्यावी लागेल. खिशात कायम दोन अ‍ॅड्रेनालिन पेन ठेवायचे. पत्नीलाही ते मांडीत कसं मारायचं हे शिकवलं. पहिल्या सरावात त्यांनी पेन उलटा धरला.

जाता जाता तो म्हणाला, "डॉक्टर, कंबर फार दुखते. वाकून काम करतो ना, म्हणून." या आजारात हाडंही ठिसूळ होतात, म्हणून घनतेची तपासणी केली. मणक्यात ऑस्टिओपोरोसिस निघाला आणि एक जुना, कुणाच्या लक्षात न आलेला फ्रॅक्चर.