खांदा उतरलाय, ताई

परवा कपाट आवरायला काढलं आणि सगळ्यात खालच्या कप्प्यातून तो कोट निघाला. आजी शेजारीच बसली होती, तिने विचारलं, "हे घोंगडं कुणाचं गं?" आता तिला काय सांगणार की आजी हे घोंगडं नाही, हा 'गॉब्लिन'मधल्या गाँग यूचा कोट आहे, निदान मागवताना तरी तोच होता.

ज्यांनी पाहिली नाहीये त्यांच्यासाठी, ही २०१६-१७ची कोरियन सिरीज, त्यात नऊशेहून जास्त वर्षं जगलेला एक माणूस असतो, तोच गॉब्लिन, गाँग यूने केलेला, आणि तो जवळजवळ सगळे एपिसोड लांबलचक कोट घालून हवेत उडवत फिरतो. आता गाँग यू आहे सहा फुटाचा आणि मी पाच फूट एक इंच, हे गणित मी कोट ऑर्डर करायच्या आधी करायला हवं होतं पण केलं नाही. घोट्यापर्यंत आला. कापड म्हणाल तर रेल्वेच्या एसी डब्यातलं ब्लँकेट बरं. एकदाच घातला, डिसेंबरात महाबळेश्वरला, पहाटे विल्सन पॉइंटवर सूर्योदय बघायला. साडेसातपर्यंत मी अगदी हिरोईन होते, फोटो पण चांगले आलेत, आणि नऊ वाजता तोच कोट हातावर टाकून स्ट्रॉबेरी क्रीम खात होते आणि त्याच्यावर क्रीम सांडलं. तो डाग अजून आहे.

तर कोरियन सिरीजमधल्या कपड्यांचं हे वेड लॉकडाऊनमध्ये लागलं, बहुतेकांना तेव्हाच लागलं. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' पाहिली आणि गोष्ट राहिली बाजूला, मी सन ये-जिनचे कपडेच बघत बसले. तिने केलेली युन से-री म्हणजे स्वतःची फॅशनची कंपनी असलेली बाई, पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून थेट उत्तर कोरियात पडते, तिथे गावातल्या बायकांसारखे साधे कपडे घालायला लागतात तरी तिची मान खाली जात नाही. मी तेव्हा तीन महिने गाऊनमध्येच होते. त्यामुळे जास्तच लागलं असेल मनाला.

आणि हे फक्त आपल्याकडचं खूळ नाही हां. कोरियात हे जुनं आहे. २०१०-११ला 'सिक्रेट गार्डन' आली त्यात ह्युन बिन मॉलचा मालक, आणि घालतो काय तर निळा चमचमता टिकल्यांचा ट्रॅकसूट, वर सगळ्यांना ऐकवतो की हा इटलीच्या कारागिराने एक-एक टाका हाताने घालून शिवलाय. आपल्याकडे लग्नात बँडवाले घालतात तसा दिसतो तो खरं सांगायचं तर, पण कोरियात त्याच्या नकला निघाल्या. मग २०१३-१४ला 'माय लव्ह फ्रॉम द स्टार', त्यातल्या हिरोईनचा, चन साँग-इचा, कोट तर पार राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेला. मार्च २०१४मध्ये पार्क ग्यून-हे यांनी सरकारी मीटिंगमध्ये विषय काढला की चीनमधल्या लोकांना हा कोट कोरियन साइटवरून विकत घ्यायचाय पण आपल्या ऑनलाइन पेमेंटला जे सरकारमान्य सर्टिफिकेट लागतं ते त्यांच्याकडे नसतं म्हणून घेता येत नाही, हे नियम बदला. एका कोटासाठी! मला फार बरं वाटलं वाचून, म्हटलं मी एकटीच येडी नाही.

असो. कोट प्रकरणानंतर मी शहाणी झाले आणि ठरवलं की ऑनलाइन नाही, शिवूनच घ्यायचं. आमचे टेलरकाका आईच्या लग्नाच्या ब्लाऊजपासूनचे, हात एकदम सफाईदार, फक्त तोंडात कायम टाचण्या असल्यामुळे बोलतात ते अर्धंच कळतं. त्यांना मोबाईलवर स्क्रीनशॉट दाखवला. साधा बेज ब्लेझर, ढगळ, खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, कोरियन सिरीयलमध्ये प्रत्येक दुसरी बाई ऑफिसला घालते तो. काकांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला, परत लहान केला आणि म्हणाले, "खांदा उतरलाय, ताई." मी म्हटलं काका तसाच हवाय. ते म्हणाले बरं.

दहा दिवसांनी ब्लेझर आला. खांदा कसा, फूटपट्टी लावून घ्यावा असा बरोब्बर खांद्यावर, मुंढा घट्ट, आतून अस्तर, कॉलरला बकरम, आणि वर काका खूश होऊन सांगतायत, "त्या फोटोतल्या टेलरने चूक केली होती, मी दुरुस्त केली." काय बोलणार? पैसे दिले आणि आले. ऑफिसमध्ये घालून गेले तर कलीगने विचारलं इंटरव्ह्यू आहे का कुठे.

मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि तो स्क्रीनशॉट आणि मी असं आलटून पालटून बघितलं बराच वेळ, तेव्हा कळलं की सगळा खेळ त्या उतरलेल्या खांद्याचाच आहे. रंग तोच, कापड जवळजवळ तेच, पण खांदा उतरला की बाही लांब दिसते, मनगट बारीक दिसतं, माणूस कपड्यात थोडा हरवल्यासारखा दिसतो. खांदा जागेवर बसवला की झाली बँकेतली मॅनेजर.

मधल्या काळात इतर पण उद्योग केले, ते थोडक्यात. 'इट्स ओके टू नॉट बी ओके'मधली को मून-यंग, म्हणजे लहान मुलांची पुस्तकं लिहिणारी आणि स्वतः चेटकिणीसारखी राहणारी, तिच्या त्या मोठ्या फुग्याच्या बाह्या. फुग्याचं काही विशेष नाही, काकांनी डोळे मिटून शिवल्या, आमच्या आज्यांच्या ब्लाऊजला पण असायच्या. फक्त मून-यंग वाड्यात राहते आणि मी मिसळ खायला जाते. डावी बाही सरळ सॅम्पलमध्ये. तर्रीचा डाग जात नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. पण त्या बाईच्या कपड्यांचं मला एक आवडतं, ते कपडे म्हणजे तिचं चिलखत आहे, कुणी जवळ येऊ नये म्हणून घातलेलं, आणि आईला आवडायचे म्हणून ठेवलेले लांब केस ती कापून टाकते तिथून ती हळूहळू माणसात येते. 'हॉटेल डेल लुना'च्या जांग मान-वोलचं उलटं, ती भुतांसाठी हॉटेल चालवते, हजार वर्षं एका जागी अडकलेली आहे, मग करणार काय तर दर सीनला नवीन ड्रेस. ते मी ट्राय पण केलं नाही, टोप्या मला शोभत नाहीत आणि पगारही नाही तेवढा.

केसांच्या बटा कापल्या, त्या कपाळावर विरळ सोडतात ना तशा. पुण्यात हेल्मेट घालून स्कूटीवर जाणाऱ्या मुलीने हे करू नये. बस इतकंच म्हणते.

स्कार्फचं मात्र सांगायला हवं. 'गॉब्लिन'मधली मुलगी आहे ना, नाव तिचं जी उन-तक, तिच्या मानेवर एक खूण असते ती झाकायला ती लाल स्कार्फ घालते, आणि समुद्राच्या कठड्यावर बसून केकवरच्या मेणबत्त्या विझवते तेव्हा गॉब्लिन प्रकट होतो. ती जागा खरी आहे, गांगनुंगजवळ जुमुनजिनला, आणि तिथे लोक रांग लावून फोटो काढतात, लाल स्कार्फ आणि पांढऱ्या फुलांचा गुच्छ भाड्याने मिळतो म्हणे. मी तसाच लाल स्कार्फ घेतला आणि पहिल्याच दिवशी सवयीने तो डोक्यावरून, नाकावरून, कानामागून गुंडाळून मागे गाठ मारली. फक्त डोळे बाहेर. सिग्नलला काचेत स्वतःला बघितलं तर उन-तक कुठली, चंबळची डाकू.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली म्हणजे हे कपडे त्या पात्राच्या ऐपतीवरून ठरलेले नसतातच, बरेचसे ब्रँडने दिलेले असतात. २०१०पासून कोरियात टीव्हीवर असं पैसे घेऊन वस्तू दाखवायला कायद्याने परवानगी आहे. तरीच म्हटलं, जिच्याकडे घरभाडं द्यायला पैसे नाहीत ती रोज नवा कोट घालून रडते कशी. आपल्या मराठी मालिकांत नाही का, झोपताना पण पैठणी आणि नथ, त्यातलाच प्रकार, फक्त त्यांच्याकडे लाइटिंग चांगलं असतं.

मग मी 'रिप्लाय १९८८' लावली, आणि ही आईबरोबर बघितली कारण त्यात भांडणारी भावंडं आणि शेजारणी आहेत, आईला सबटायटल वाचायला लागत नाहीत जवळजवळ. त्यातली डोक-सन, मधली मुलगी, सेऊलच्या ऑलिम्पिकमध्ये मादागास्करची पाटी धरायची म्हणून महिनोन्‌महिने सराव करते आणि मादागास्कर येतच नाही, शेवटी युगांडाची पाटी धरते. घर अर्धं जमिनीखाली. मोठ्या बहिणीचे कपडे चोरून घालते आणि मार खाते. कुठे कोट नाही, बूट नाही, सगळे आपले जाडजाड स्वेटर आणि वर खोचलेली पँट.

दुसऱ्या का तिसऱ्या एपिसोडला आई उठली, स्टूल घेतलं, माळ्यावरची ट्रंक काढली आणि डांबरगोळ्यांच्या वासाचा एक स्वेटर माझ्या अंगावर टाकला. "हा बघ, असाच आहे की नाही?" विटकरी रंग, पुढे वेणीची वीण, मनगटाला दोन उलटे दोन सुलटे. आईने बाबांसाठी विणलेला, लग्न ठरलं तेव्हा, माप न घेता अंदाजाने, त्यामुळे बाबांना पण मोठाच झाला होता. मी घातला आणि आरशात बघितलं. खांदा थेट दंडावर. इतके पैसे आणि इतके स्क्रीनशॉट घालवून जे जमलं नाही ते माळ्यावर पडून होतं, तेही आईच्या चुकीमुळे! पुण्यात जानेवारीत सकाळी सातला आणि ऑफिसच्या एसीत वर्षभर, तो मी इतका घातलाय की कोपर विरलंय. फक्त बोलताना मी 'डोक-सनचा स्वेटर' म्हणते आणि आई म्हणते 'ह्यांचा'.

(त्याच काळात आईला मी मेंढीच्या शिंगांचा टॉवेल पण शिकवला, तो २००५च्या 'माय लव्हली साम-सून'मुळे गाजलेला, वाफेच्या आंघोळीला जातात तिथे डोक्यावर घालतात. टॉवेल लांबीत तीन घड्या करायचा, दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूने गुंडाळायची आणि मधे उघडून टोपीसारखा घालायचा. पंचाने होत नाही, शिंगं पडतात. सोलापुरी जाड टॉवेलने मस्त होतो.)

तर तो स्वेटर घेऊन मी परत टेलरकाकांकडे गेले. मोबाईल काढलाच नाही. स्वेटर अंगात घालून दाखवला आणि म्हटलं काका, असा खांदा. त्यांनी शिवणीवर बोट ठेवलं, माझ्या खऱ्या खांद्यापासून चार बोटं मोजली, तोंडातल्या टाचण्या काढून उशीला लावल्या आणि म्हणाले, "मग जेन्ट्सचं माप पाहिजे असं सांगायचं ना आधीच. बाबांचं माप आहे माझ्या वहीत."

आता त्या मापावर आजीच्या जुन्या इरकलचा बिनअस्तराचा लांब कोट टाकलाय, उन्हाळ्यात चालेल असा, गुडघ्याच्या थोडा खाली, घोट्यापर्यंत अजिबात नाही. आजीने साडी दिली पण अट घातली की पदराला कात्री लावायची नाही. इरकलचा पदर लालच असतो, म्हणून काकांना सांगितलंय तो अख्खा वेगळा काढा आणि कडेला नुसता पिको करा, स्कार्फ होईल. पदर वेगळा काढायचा तर कात्री लागणारच, हे आजीला अजून कुणी सांगितलेलं नाही. गुरुवारी ट्रायलला बोलावलंय. टेलरचा गुरुवार म्हणजे कुठला गुरुवार, ते तुम्हाला माहितीये.