निळ्यात लाल काड्या
यवतमाळकडच्या खेड्यातले काका आज कापूस वेचणीचा खाडा करून क्षयाच्या तपासणीसाठी बेडक्याची डबी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. काल नुसती थुंकी होती. "काका, सकाळी उठल्यावर चूळ भरा, मग खोल श्वास घेऊन छातीतून खोकला," असं समजावलं होतं. आजचा नमुना घट्ट, पिवळसर.

काचपट्टीवर नमुना पसरून कार्बोल फुक्सिन हा लाल रंग, वाफ येईस्तोवर खालून आच (उकळू द्यायचं नाही), मग बाकीचा लाल रंग उतरवायला आम्ल, शेवटी मिथिलीन ब्लू हा निळा रंग. सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन (तेलाचा थेंब टाकून वापरायच्या) भिंगाखाली निळ्या पसाऱ्यात बारीक लाल काड्या! १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी शोधलेला हाच क्षयाचा जंतू. आनंद झाला, अन् लगेच काकांची छाती आठवली.

बाहेर ते विचारत होते, "पोरी, यष्टी केव्हा हाये?" औषध फुकट मिळते, मधात सोडायचं नाही, हे मॅडमनी दोनदा सांगितलं. मी तिसऱ्यांदा सांगितलं.