गोधडीत वेळ कुठं वाचवायचा अन् कुठं नाई

दिवाळी झाली की आमच्या इकडे कापसाची वेचणी जोरात असते, मग शिवणाला कोणी हात लावत नाही, म्हणून बहिणीच्या बाळाची गोधडी मला त्याच्या आत उरकायची होती. यावेळी हाताऐवजी पायमशीनवर घेतली.

वेळ वाचवायची एक युक्ती मला मनापासून आवडते, ती त्रिकोणांची. सुटे त्रिकोण कापून जोडत बसलं की तिरपी कड ताणली जाते अन् चौकोन वाकडा होतो. त्यापेक्षा दोन रंगांचे ५ इंची चौकोन सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाव इंचावर शिलाई घालायची अन् मग रेघेवरून कापायचं. दोन दुरंगी चौकोन तयार! ते ४.५ इंचावर सारखे करून घ्यायचे, जोडल्यावर बरोब्बर ४ इंच बसतात. आणि दर तुकड्याला दोरा तोडायचा नाही, एकामागं एक तुकडे सरकवत राहायचं, माळ झाली की शेवटी कापायची, यात दोराही वाचतो.

पण मागच्या वर्षी आईच्या गोधडीत मी नको तिथं घाई केली होती. कोरं लाल कापड न धुताच लावलं अन् कच्चे टाके न घालता चार पिना टोचून सरळ मशीनवर घेतलं. मशीनचे दाते खालचं कापड ओढतात, वरचं कापड सुईजवळच्या दाबपट्टीखाली, म्हणजे फूटखाली अडतं, थर जाड असले की दोन्ही सारखे सरकतच नाहीत, त्यामुळे मागं चुण्याच चुण्या पडल्या. पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरला आणि ते कापड आकसलं ते वेगळंच. आजीनं नुसता हात फिरवला अन् म्हणाली, "काऊन वं पोरी, कच्चे टाके नाई घातले का?" मला लय वाईट वाटलं, त्यात तिचं लुगडं गेलं होतं ना.

यावेळी लाल कापड आधी तीनदा बुचकळलं, तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ निघालं. आतमध्ये आजीच्याच जुन्या सुती नऊवारीचे थर घातले. घरात सिंथेटिक साड्या ढीगभर आहेत, पण त्या ओल शोषत नाहीत, बाळाच्या अंगाखाली कशाला घालायच्या? ओसरीवर थर अंथरून चार कोपऱ्यांना पाटे-वरवंटे ठेवले अन् आजी अन् मी आमोरासमोर बसून वीतभर अंतरानं कच्चे टाके घातले. दोन दुपारा गेल्या. मशीनवर मात्र मधून सुरुवात करून कडेकडे गेले, चुणी एकही नाही.

आता फक्त कड राहिली आहे, ती हातानंच घालते आहे, रोज संध्याकाळी एक बाजू.