सेलचं मशीन का नाही टाकत?

ओहायोतल्या आमच्या घरी गणपतीला येणारा प्रत्येक जण स्वयंपाकघरातल्या त्या घड्याळाखाली एकदा तरी थबकतो. पंधरा इंची, फुगीर काचेचं, आत दिवा असलेलं. पूर्वी कुठल्याशा औषधाच्या दुकानात टांगलेलं असणार. दुरुस्तीत तीन महिने गेले म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'अहो, दहा डॉलरला सेलचं मशीन मिळतं, ते टाकून मोकळं व्हायचं!' तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

आधी वाटायचं, सेकंदकाट्यासाठी. ह्याचा काटा टकटक उड्या मारत नाही, सरसर घसरत जातो. पण तसा काटा सेलच्या मशीनमध्येही मिळतो, तेव्हा ते कारण काही खरं नाही.

खरं कारण असं, की ह्या घड्याळाला स्वतःची वेळच नाही. आत ना लंबक, ना बॅलन्सचं चाक. आहे ती टेलिक्रॉन कंपनीची विजेवर चालणारी मोटर. अमेरिकेतल्या विजेची सेकंदाला ६० आवर्तनं होतात, त्यांच्या तालावर तिचं आतलं चक्र मिनिटाला ३,६०० फेरे मारतं आणि दातेरी चाकं ते फेरे काट्यांपर्यंत मंद करत आणतात. ही मोटर मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅशलंडच्या हेन्री वॉरेनची. त्याची घड्याळं चुकायला लागली तेव्हा दोष वीजकेंद्राचा निघाला. आवर्तनं थोडी इकडेतिकडे झाली तर दिव्यांना काय फरक पडणार! मग त्याने केंद्रासाठीच एक घड्याळ बनवलं: एक काटा लंबकावर, दुसरा केंद्राच्या विजेवर. दोन्ही एकावर एक ठेवणं हे तिथल्या माणसाचं काम. १९१६ च्या ऑक्टोबरात ते बॉस्टनच्या वीजकेंद्रात बसलं. म्हणजे माझ्या भिंतीवरचं घड्याळ वीजकेंद्राची नाडी मोजतंय. ती मोटर काढून सेल टाकला तर उरतो नुसता डबा.

मोटर मेलेली नव्हती, कोरडी पडली होती. तिचं चक्र तेलासकट एका सीलबंद धातूच्या डबीत असतं. तेल आटलं की डबी जुन्या फ्रिजसारखी घरघरते. सुईएवढं भोक पाडून घड्याळाच्या तेलाचे थेंब सोडले, भोक बुजवलं आणि रात्रभर चालू ठेवलं. पहाटे बायको म्हणाली, 'बंद केलंस का रे?' चालूच होतं. त्या वाक्याचा आनंद मी अजून पुरवून पुरवून घेतो.

वायरींचं रबर बोट लावताच भुगा होऊन पडलं, तेव्हा त्या सगळ्या बदलल्या. जुन्या दिव्याच्या धगीने तबकडी बाराच्या आसपास पापडासारखी तांबूस झाली होती, म्हणून आत एलईडी घातला. इथे शुद्धतेचा हट्ट नाही.

घोटाळा केला तो काचेवर. आकडे काचेच्या आतल्या बाजूने रंगवलेले, आणि मी शहाण्याने नेहमीचं काच पुसायचं औषध कापसावर घेऊन फिरवलं. काच लख्ख झाली. कापसावर चारचा आकडा आला, जवळजवळ अख्खा. आता दिसतो तो मी रंगवलेला. जरा जाड आहे, संध्याकाळी दिवा लागला की चटकन कळतो.

सांगलीहून बाबांचा एकच प्रश्न होता: 'इकडे आणलंस तर चालेल का?' चालेल, पण ट्रान्सफॉर्मरने २३० चे १२० व्होल्ट करता येतात, ५० आवर्तनांची ६० होत नाहीत. तासाला दहा मिनिटं मागे, दिवसाला चार तास.

बाबा म्हणाले, 'आण मग. दुपारच्या झोपेला लागतीलच.'